अंगावरचं तांबं, अंगावरचं पितळ : प्रकल्प नोंदी

३ मे

काम असं आहे: हाताने घडवलेल्या तांब्या-पितळेच्या दागिन्यांसोबत द्यायची निगेची चिठ्ठी लिहायची. अशा चिठ्ठ्यांवर बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, 'पाणी आणि अत्तरापासून दूर ठेवा'. अंगठीला तेच, झुमक्याला तेच. अंगठी घालून हात न धुणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून आधी दागिने वापरून बघायचे, मग लिहायचं.

चाचणीला घेतलेल्या वस्तू: तांब्याच्या जाड तारेचं ठोकलेलं उघडं कडं, पितळेच्या पत्र्याची रुंद पाटली, दोन्ही धातूंच्या अंगठ्या, पितळी कड्यांची साखळी, झुमके, आणि काळा राप (धातूवर मुद्दाम आणलेला काळा थर) दिलेलं, मोती जडवलेलं एक पदक. कडं आणि अंगठ्या मी घालणार, झुमके आणि पाटली ताई, साखळी मावशी. शिवाय त्याच पत्र्यांचे कापलेले तुकडे खणात ठेवलेत. ते कोणी घालणार नाही, फक्त तुलनेसाठी.

पत्र्याचं पितळ ७०:३० आहे, म्हणजे ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त. साखळीची तार ८५:१५ ची, जास्त लालसर. लेथवर सहज कापली जावी म्हणून काही पितळी सळयांमध्ये सुमारे ३ टक्क्यांपर्यंत शिसं घातलेलं असतं. ती सळई या कामात घेतलेली नाही. दिवसभर अंगाला लागणाऱ्या वस्तूत शिसं नको.

६ मे

सुरुवात ओळखण्यापासून, कारण निगा त्यावरच ठरते. तांबं आणि पितळ लोहचुंबकाला चिकटत नाहीत. जी 'पितळी' वस्तू चिकटते तिच्या पोटात लोखंड किंवा पोलाद आहे आणि वर नुसतं पाणी चढवलंय. चिकटली नाही म्हणजे मात्र ती पितळच, असं नाही. जस्ताच्या ओतीव वस्तूही चिकटत नाहीत. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी कानशीचा एक हलका ओरखडा काढला की पोटातला रंग दिसतो. पांढरट निघाला तर वरचा पिवळा थर पातळ आहे. अशी वस्तू घासायची नाही. दोन-चार उजाळ्यांत आतलं उघडं पडतं.

चिठ्ठीची पहिली ओळ ठरली: 'हे आरपार पितळ आहे.' यापुढे लिहिलेलं सगळं या ओळीवर उभं आहे.

११ मे

तांब्याच्या अंगठीखाली बोट हिरवं. अपेक्षितच होतं. घामात मीठ असतं, सौम्य आम्लं असतात, त्वचेवर स्निग्धाम्लं असतात. या सगळ्यांची तांब्याशी आणि हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की तांब्याचे हिरवे-निळसर क्षार तयार होतात. साबणाने धुतलं की जातात. मी घातलेल्या कड्याखाली मात्र मनगट जेमतेम मळकट दिसतंय. तोच माणूस, तोच घाम, तरी एवढा फरक का? अंगठी बोटाला घट्ट बसते आणि तिच्या खाली साबणाचं पाणी, क्रीम, घाम अडकून राहतं. कडं हलतं, खालची त्वचा वाळते.

डाग आणि ॲलर्जी यांची गल्लत लोक सर्रास करतात, त्यामुळे हे चिठ्ठीत हवंच. डाग खाजत नाही, धुतल्यावर जातो. खाज, लाली, पुरळ किंवा फोड दिसले तर प्रकरण वेगळं, आणि तेव्हा पहिला संशय निकेलवर घ्यावा. तांब्याची ॲलर्जी असते, पण विरळा. निकेलची खूप जणांना असते. 'जर्मन सिल्व्हर' म्हणून जे विकतात त्यात चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं. चकचकीत मुलाम्याच्या खालीही बऱ्याचदा निकेलचा थर असतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. टोचलेल्या भोकात राहणाऱ्या भागासाठी मर्यादा आणखी कडक, ०.२. घरी बघायचं असेल तर डायमिथाइलग्लायऑक्झिमचा तयार संच मिळतो. त्यातलं द्रावण कापसाच्या बोळ्यावर घेऊन वस्तूवर घासायचं, बोळा गुलाबी झाला की निकेल सुटतंय. आमच्या सगळ्या वस्तूंवर बोळा पांढराच राहिला.

१९ मे

रंगाची पहिली खरी नोंद. खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढले.

कडं तांबूस-तपकिरी झालंय, पण सगळीकडे सारखं नाही. ठोक्यांच्या खळग्यांत गडद, उंचवट्यांवर अजून लखलखीत. बाही, टेबलाची कड, दुसऱ्या हाताचा तळवा यांनी ते दिवसभर पुसलं जातंय. घडवताना मुद्दाम आणलेला काळोख-उजेड इतका चांगला जमत नाही. तांब्यावर पहिला थर बसतो तो क्युप्रस ऑक्साइडचा, लालसर. पुढे त्यावर काळं क्युप्रिक ऑक्साइड आणि हवेतल्या गंधकामुळे सल्फाइड. हा पातळ, घट्ट थर खालच्या धातूला सांभाळतो. त्याला मळ समजून रोज खरवडण्यात काही अर्थ नाही.

खणातले तुकडे उलट कंटाळवाणे दिसतायत: सपाट, मंद तपकिरी. एका पितळी तुकड्यावर माझ्या बोटांचे ठसे काळे उमटलेत, अगदी रेषा मोजता येतील इतके. उजाळा दिलेल्या ताज्या धातूला हात लागला की घामातलं मीठ तिथेच कामाला लागतं. आजपासून उजाळ्यानंतर सुती कापडाने धरायचं.

साखळीत मात्र सांध्यांमध्ये हिरवी पूड आहे. हा जंगाल, आणि याच्याकडे काणाडोळा करायचा नाही. कड्या एकमेकींत अडकतात तिथे घाम साचतो, वाळत नाही, आणि त्याच्या मिठातलं क्लोराइड तिथेच मुरतं. मावशी म्हणाली, "अगं, गळ्याशी हिरवं लागतंय, ही मी रेशमी साडीवर घालू का?" नको म्हटलं. कापडावरचा हा डाग त्वचेवरच्या डागाइतका सहज निघत नाही.

२७ मे

साफसफाईचा दिवस. खणातल्या तुकड्यांवर आधी, दागिन्यांवर नंतर.

लिंबू-मीठ, व्हिनेगर-मीठ, चिंचेचा कोळ, सगळ्यांचं तत्त्व एकच. आम्ल ऑक्साइड विरघळवतं आणि मिठातलं क्लोराइड त्याला हात देतं. तांब्याचा तुकडा बघता बघता गुलाबी झाला. इथवर कोणालाही माहीत असतं. त्याच्या पुढचं सहसा सांगितलं जात नाही: हे मीठ सांध्यात, नक्षीत, ठोक्यांच्या खळग्यांत राहिलं तर वस्तू आधीपेक्षा लवकर डागाळते आणि हिरवी पडते. म्हणून वाहत्या पाण्याखाली भरपूर धुणं, मग चिमूटभर खायच्या सोड्याचं पाणी, मग पुन्हा साधं पाणी, आणि लगेच कोरडं करणं. साखळीला शेवटी केस वाळवायच्या यंत्राची गार हवा.

पितळेचं तसं नाही. एक तुकडा मुद्दाम व्हिनेगरात पडू दिला. तो स्वच्छ झाला, पण पिवळा राहिला नाही. लालसर, तांब्यासारखा झाला. आम्लात जस्त तांब्यापेक्षा लवकर सुटतं आणि पृष्ठभागावर तांबं उरतं. पातळ थर आहे, घासला तर खालून पिवळं निघतं, पण त्यासाठी पुन्हा घासावं लागतं. पितळेला आम्ल लावायचंच तर चोळायचं आणि लगेच धुवायचं. बुडवून ठेवून दुसऱ्या कामाला जायचं नाही.

टूथपेस्ट चकचकीत करते कारण तिच्यात बारीक खर असते. बाजारच्या उजाळा-पेस्टमध्येही तीच असते. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजनात फरक दिसला नाही, पण भिंगाखाली ठोक्यांच्या कडा आधीपेक्षा गोलसर झालेल्या दिसतात. खोदलेली बारीक नक्षी असेल तर तिचं काय होईल ते सांगायला नको.

सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं ते सगळ्यांत निरस: कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, कोरडं कापड. काळेपणा याने जात नाही. पण घाम, क्रीम आणि मीठ जातं, आणि हिरवं पडणं त्यानेच थांबतं. साखळी आता मावशी गळ्यातून काढल्यावर अशीच धुते. सांध्यांत पुन्हा पूड दिसलेली नाही.

१ जून

ताईच्या ओळखीतल्या कोणीतरी अमोनिया असलेलं द्रावण सुचवलं. पितळ त्याने झकास निघतं म्हणे. निघतं, हे खरं. तरी चिठ्ठीत 'अमोनिया नको' असं ठळक लिहिणार आहे, आणि त्यामागची हकिगत इथे सविस्तर लिहून ठेवते.

ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या सैन्याकडची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ती ठेवलेली असत तबेल्यांत किंवा त्यांच्या जवळ. तडकण्याचा ऋतूशी संबंध दिसला म्हणून त्या तडकण्याला ऋतूचंच नाव पडलं. कारण नीट उलगडलं ते १९२१ मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांच्या कामातून. घोड्यांच्या मुताच्या कुजण्यातून अमोनिया सुटतो, दमट हवेत तो पितळेवर बसतो. आणि काडतुसाचं टरफल साच्यातून ओढून बनवलेलं असल्यामुळे त्याच्या धातूत आधीपासूनच ताण कोंडलेला असतो. ताण आणि अमोनिया एकत्र आले की धातूच्या कणांच्या सीमांवरून चीर धावते. वरून बघता काही झिजलेलं दिसत नाही, आणि वस्तू फुटते.

आता आमची पाटली बघा. ७०:३० चा पत्रा, थंड अवस्थेत ठोकून वाकवलेला, नंतर न तापवलेला. काडतुसाची मिश्रधातू साधारण हीच, आणि ताणही तसाच कोंडलेला. जस्ताचं प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या वर गेलं की हा धोका वाढतो. साखळीची ८५:१५ ची तार त्यामानाने सुरक्षित. पाटली एकदा पुसल्याने तडकेल असं मी म्हणत नाही. पण केस रंगवायच्या बऱ्याच रसायनांत अमोनिया असतो, काच पुसायच्या काही फवाऱ्यांत असतो. पाटली घालून ही कामं करत राहायचं कशाला?

पुढच्या पाटल्यांसाठी घडवण्यातच बदल केलाय. आकार पूर्ण झाल्यावर साधारण २६० अंश सेल्सिअसला तासभर भट्टीत. एवढ्या उष्णतेने पितळ मऊ पडत नाही, आतला ताण तेवढा उतरतो. अशा ताणाची चाचणी अमोनियाच्या वाफेतच घेतात, तिचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ ६९५७.

९ जून

लेप. तीन प्रकार लावून बघितले: पारदर्शक ॲक्रिलिक लॅकर (वाळून कडक होणारा वार्निशसारखा थर), नेलपॉलिश, आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेण.

अंगठीच्या आत नेलपॉलिश लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. लावलं. कडेने सोलू लागलं, सोललेल्या जागेतून घाम आत गेला, आणि हिरवेपणा आता ठिपक्या-ठिपक्यांनी आला. न लावलेल्या अंगठीपेक्षा वाईट दिसतंय. शिवाय पुन्हा लावण्याआधी सगळं ॲसिटोनने काढायचं. अंगठीसाठी हा नाद मी सोडला.

लॅकरची जागा म्हणजे झुमके, ब्रोच, केसातली पिन. जिथे घर्षण नाही तिथे. झुमके अजून पहिल्या दिवसासारखे पिवळे आहेत. लावण्याआधी ॲसिटोनने पुसून पूर्ण तेलमुक्त करावं लागतं, नाहीतर बोटाचा ठसा लेपाखाली कायमचा बंद होतो. उघड्यावरच्या तांब्या-काशाच्या कामासाठी इन्क्रालॅक नावाचं लॅकर वापरतात. त्यात ॲक्रिलिकसोबत बेन्झोट्रायाझोल असतं. हे रसायन तांब्याच्या पृष्ठभागाशी बांधलं जाऊन गंज अडवतं. जुन्या काशाच्या वस्तूंच्या जतनात त्याचा वापर १९६७ मध्ये मॅडसन यांनी पुढे आणला. अंगावर घालायच्या वस्तूला मात्र मी ते लावणार नाही. संग्रहालयातल्या कपाटातली मूर्ती दिवसभर कोणाच्या त्वचेला लागून बसत नाही.

मेणाने सगळ्यांत कमी कुरकुर केली. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स याच जातीचं. बोटाच्या टोकावर मावेल एवढं घ्यायचं, पातळ चोळायचं, वाळलं की मऊ कापडाने घासायचं. कड्यावरून ते झिजतं, पण सारखं झिजतं, कुठे पापुद्रा धरत नाही. वरून पुन्हा चोळलं की झालं, जुनं काढायची गरज नाही.

१६ जून

मोत्याचं पदक. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांतलं काहीही याच्या जवळ आणायचं नाही. मोती, पोवळं, शिंपला हे मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळतात. फिरोजा सच्छिद्र असतो, तेल आणि साबण पिऊन रंग बदलतो. मॅलाकाइट तर स्वतःच तांब्याचं कार्बोनेट. तांबं साफ करणारं आम्ल त्यालाही खाणार, यात नवल काय! चिकटवलेले खडे पाण्यात भिजवले की डिंक सुटतो.

पदकाला दिलेला काळा राप लिव्हर ऑफ सल्फरचा, म्हणजे पोटॅशियमच्या गंधक-संयुगांचा. उकडलेल्या अंड्याचा बलक आणि वस्तू एका बंद डब्यात ठेवली तरी त्यातल्या गंधकाने असाच राप धरतो, फक्त सावकाश. हा राप म्हणजे दागिन्याचाच भाग. पण तो मळ वाटून कोणीतरी हौसेने घासणार, आणि खोदकामातला गडदपणा जाऊन पदक पोरकं दिसणार. चिठ्ठीत: 'काळा भाग असाच आहे. घासू नका, फक्त कोरड्या कापडाने पुसा.'

हिरवा-निळा राप अंगावरच्या दागिन्याला मी देणार नाही. तो भुसभुशीत असतो, घामाने सुटतो, कपड्याला लागतो, आणि लहान मूल कडेवर असेल तर थेट त्याच्या तोंडात. तांब्याचे विरघळणारे क्षार पोटात जाऊ नयेत.

२३ जून

झुमक्यांच्या आकड्या बदलल्या. नुकत्याच टोचलेल्या कानात तांबं-पितळ घालायचंच नाही. ओली जखम आणि तांब्याचे क्षार यांचं जमत नाही. जुन्या भोकातही काहींना पाणी सुटतं. झुमका पितळेचा ठेवून आकडी टायटॅनियमची केली. नायोबियमचीही चालते. दिसण्यात फरक नाही, कारण आकडी केसांतच लपते.

३० जून

मावशीने विचारलं, "तांब्याचं कडं घातलं तर सांध्यांना उतार पडतो म्हणतात, मग मलाही एक कर ना."

कडं करून देणार, पण त्या आशेवर नाही. यॉर्क विद्यापीठातल्या स्टुअर्ट रिचमंड आणि सहकाऱ्यांनी संधिवाताच्या ७० रुग्णांवर याची चाचणी घेतली, ती २०१३ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आली. प्रत्येकाने तांब्याचं कडं, चुंबकी पट्टा आणि त्यांच्या जोडीला फसवे पट्टे आलटून-पालटून ५-५ आठवडे घातले. वेदना, सूज, आजाराचा जोर, कशातही प्लासिबोच्या, म्हणजे नुसत्या समजुतीने वाटणाऱ्या आरामाच्या, पलीकडचा अर्थपूर्ण फायदा दिसला नाही. मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, पण रंग छान आहे." हे कारण पुरेसं आहे. चिठ्ठीत आरोग्याबद्दल एक अक्षर जाणार नाही.

७ जुलै

ठेवणीचे तुकडे काढले. हवा दमट झाल्यापासून फरक स्पष्ट दिसतोय.

रबरबँड गुंडाळून ठेवलेल्या तुकड्यावर बँडच्या जागी काळा पट्टा. रबर पक्कं करायला गंधक वापरतात, ते इथे दिसलं. लोकरीच्या कापडातला तुकडा साध्या सुती कापडातल्या तुकड्यापेक्षा काळा, कारण लोकरीतही गंधक असतं. झिप लावलेल्या पॉलिथिनच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवलेला जवळजवळ तसाच. पीव्हीसीची जाड, वास येणारी पाकिटं मी वापरलीच नाहीत. पीव्हीसी जुनं होताना क्लोरीनयुक्त आम्ल सोडू शकतं, आणि तांब्याचा खरा वैरी क्लोराइडच. पोहण्याच्या तलावात दागिना नको म्हणतात तेही याच घराण्यातलं.

पिशवीत घालण्याआधी वस्तू पूर्ण कोरडी हवी. घामट कडं हवाबंद पिशवीत कोंडण्यापेक्षा उघड्यावर राहिलेलं बरं.

१४ जुलै

कडं घालायची रीत चित्राने दाखवावी लागणार. लोक उघड्या कड्याची दोन्ही टोकं फाकवतात, घालतात, पुन्हा दाबतात. धातू दर वाकवण्यात थोडा कडक होतो आणि शेवटी मधोमध चीर पडते. पितळ तांब्याच्या आधी हार मानतं. मनगटाची अरुंद बाजू शोधायची, हाडाच्या वरच्या मऊ भागातून एक टोक आत सरकवायचं, मग कडं फिरवून बसवायचं. वाकवायची वेळच येत नाही.

आधीच कडक झालेलं तांब्याचं कडं तापवून मंद लाल करून पाण्यात विझवलं की पुन्हा मऊ होतं, पण ते घडवणाऱ्याकडे. खडा असेल, झाळलेला सांधा असेल तर मुळीच नाही.

२१ जुलै

चिठ्ठ्या लिहून झाल्या. एक नाही, चार वेगवेगळ्या. अंगठीच्या चिठ्ठीत हिरव्या डागाबद्दल आधीच सांगितलंय आणि लेपाचं नाव काढलेलं नाही. रात्री काढा, बोट आणि अंगठी दोन्ही धुवा, पुसा, एवढंच. कड्याच्या चिठ्ठीत चित्र आणि मेण. पदकाची सगळ्यांत छोटी.

साखळीची लांबलीय. सांधे, साबण, ब्रश, गार हवा, रेशीम यांतलं काही गाळता येत नाहीये. ताई म्हणते एवढं कोणी वाचणार नाही. मग चिठ्ठीऐवजी साखळीच बदलतेय: कड्या मोठ्या आणि मोकळ्या, म्हणजे घाम अडकायला जागा कमी आणि ब्रश आतपर्यंत पोचेल. तार ८५:१५ चीच. पहिला नमुना मावशीच्या गळ्यात गेला. त्याचे फोटो पुढच्या महिन्यात, त्याच खिडकीपाशी.